गलका वजा करणारे सर

मे महिन्याच्या भर दुपारी अमरावतीच्या रस्त्यावर कुणी आमच्या सरांना गाठून "काय ऊन हाय सर" म्हटलं, की सर थांबत आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहत. पुढचं वाक्य यायचं आहे, अशा भावानं. पुढचं वाक्य बहुधा नसेच. मग सर शांतपणे म्हणत, "ऊन तुह्या डोक्यावर हाय, माह्या डोक्यावर हाय. दोन्हीकडं सारकं हाय ते वजा कर. आता काय उरलं? ते सांग."

समोरच्याकडे काही उरलेलं नसे. तो ओशाळून सायकल पुढे ढकलत निघून जाई. गावात लोक सरांना जरा टाळून असत, ते यामुळेच. ऊन, महागाई आणि गेलेली लाइट वजा केली तर माणसानं रस्त्यात उभं राहून बोलायचं तरी काय?

पण एकदा आमच्या कॉलेजचा शिपाई त्यांना म्हणाला, "लय ऊन हाय सर, अन् पोरीले ताप हाय." सरांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि स्वतः त्याच उन्हातून चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी शिपाई आभार मानायला आला, तर म्हणाले, "आभार सारेच मानतेत. पोरगी कशी हाय ते सांग."

ते आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. मी त्या कॉलेजात डिप्लोमाला होतो. होतो म्हणजे हजेरीपटावर होतो. आज अकोल्यात माझा लाउडस्पीकरचा धंदा आहे, लग्न, जयंत्या, बारसं, काहीही असो. म्हणजे ज्यांनी जन्मभर गलका कमी करायला शिकवलं, त्यांचा विद्यार्थी गलका भाड्यानं देतो. सरांची गोष्ट मी घरी पुष्कळदा सांगितली आहे. दर वेळी तू त्यात थोडी भर घालतोस, असं बायकोचं म्हणणं आहे. इथे मी भर काढून टाकून लिहितोय. तरी थोडी राहिली असेल.

गलका हा शब्द सरांचाच. म्हणजे मराठीत तो आहेच, पण विषयात त्यांनी आणला.

पहिल्याच तासाला त्यांनी मला पुढे बोलावलं. मी उंचीनं कमी म्हणून पहिल्या बाकावर, त्यामुळे अशी संकटं प्रथम माझ्यावर येत. त्यांनी माझ्या एका हातात एक उघडी तार दिली. ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर एक जाडजूड लाट हेलकावे खाऊ लागली.

"हे काय हाय?" सरांनी विचारलं.

"माही नाडी असंल, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "नाडी बी हाय त्याच्यात. पन हे जे मोठं दिसून राह्यलं, तो या खोलीतल्या ट्यूबलाइटीचा, पंख्याचा, भिंतीतल्या वायरीचा गलका हाय. तू उभा हाय तिथं साऱ्या विजेची भुणभुण अंगावर घेऊन राह्यला. नाडी त्याच्याखाली दबली."

मग त्यांनी दुसरी तार माझ्या दुसऱ्या हातात दिली, तिसरी माझ्या पायाला गुंडाळली आणि तिन्ही तारा एका छोट्या बोर्डाला जोडल्या. लाट गेली. पडद्यावर सरळ रेघ आली आणि तिच्यावर एकेक टोकदार टेकडी उठू लागली, ठरावीक वेळानं. माझं काळीज सत्तर पोरांपुढे उघड्यावर चाललं होतं आणि लाजेनं त्याचा वेग वाढलेला सगळ्यांना दिसत होता.

"गलका याच्या दोन्ही हातात सारका हाय," सर म्हणाले. "नाडी मात्र या हातात येगळी अन् त्या हातात येगळी. हा बोर्ड काय करते? एका हातातून दुसरा वजा करते. सारकं ते मेलं. फरक उरला. फरक बारीक असते, म्हून मंग त्याले हजारपट मोठं करते. त्या मोठं करण्याले गेन म्हनते. नुसता गेन कायच्याच कामाचा नाही, गाढवालेबी हाय तो. आधी वजा, मंग मोठं."

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: फरक किती वाढवला आणि गलका किती आत शिरू दिला, यांचं गुणोत्तर. हे जितकं मोठं, तितका अँप्लिफायर, म्हणजे असा बोर्ड, चांगला. पुस्तकात याला 'कॉमन मोड रिजेक्शन रेशो' म्हणतात आणि थोडक्यात 'सीएमआरआर'. सरांना त्यातला 'कॉमन मोड' पटत नसे. त्यांच्या मते ते नाव ऐकून पोराच्या डोक्यात काहीच उभं राहत नाही. गलका म्हटलं की बैलबाजार उभा राहतो. म्हणून ते म्हणत 'गलका रिजेक्शन रेशो'. आम्हीही तेच म्हणू लागलो. पुढे पुढे नुसतं 'जीआरआर'.

याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसला. परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक आले, पश्चिम महाराष्ट्रातले, बोलणं इस्त्री केलेलं. त्यांनी आमच्या जर्नल्स उघडल्या. पहिल्या जर्नलमध्ये जीआरआर. दुसऱ्या जर्नलमध्ये जीआरआर. सत्तरच्या सत्तर पोरांनी सुवाच्य अक्षरात, चौकटीत, खाली दुहेरी रेघ मारून जीआरआर लिहिलेलं. परीक्षकांनी आधी स्वतःचं पुस्तक काढून पाहिलं, बिचाऱ्यांना स्वतःबद्दलच शंका आली असणार. मग त्यांनी सर्वांत जवळ असलेल्या विद्यार्थ्याला विचारलं की यातला 'जी' कशाचा. तो विद्यार्थी मीच होतो.

"गलक्याचा, सर," मी म्हटलं.

सरांना तिथल्या तिथे हात झटकता आले असते. पोरं ऐकत नाहीत, एवढं म्हणालेही असते तरी चाललं असतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की जर्नल बरोबर आहेत, नाव तेवढं माझं आहे, शिक्षा करायची तर मला करा. आणि पुढे म्हणाले, "याले नाव इचारू नका. काम इचारा."

परीक्षकांनी मला काम विचारलं. मी बोलत गेलो. काय बोललो ते आठवत नाही, पण उदाहरणात कुठेतरी एकच तक्रार करणाऱ्या माझ्या दोन मावश्या आणि दोघींची कटकट वजा करत त्यांच्यामध्ये बसलेले माझे वडील आले होते. शेवटी परीक्षक हसले. सगळा वर्ग पास झाला. मला पास होण्यापुरते आणि वर दोन मार्क मिळाले. ते दोन मावश्यांचे असावेत.

वजाबाकीची ही पद्धत सर माणसांवरही चालवत. दोघं भांडत आले की ते एकेकाचं ऐकून घेत नसत. दोघांना समोर उभं करत आणि एकदमच बोलायला लावत. एकदा स्टोअरवाला आणि वर्कशॉपचा मिस्त्री असे आले होते. दोघं मिनिटभर मोठमोठ्यानं एकदम बोलले, सर डोळे मिटून ऐकत बसले. मग डोळे उघडून म्हणाले, "मी मेहनत करतो, माही कदर नाही, हा जास्त शहाणा हाय. हे दोघंबी बोलले. ते गेलं. उरलं काय? पक्कड कोनाजवळ हाय." पक्कड मिस्त्रीच्या मागच्या खिशात निघाली.

आम्ही म्हणायचो, सरांच्या दोन कानांमध्ये तोच बोर्ड बसवलाय.

त्या बोर्डातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सरांचं अर्धं आयुष्य तिच्यात गेलं. वजाबाकी नीट व्हायची तर दोन्ही बाजूंचे रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे ते बारीक रंगीत दाणे, सारखे लागतात. दुकानातून पुडी आणली तर त्यातले शंभर रेझिस्टर लिहायला सारखे असतात, पण मोजायला गेलं तर एकही दुसऱ्यासारखा नसतो. थोडा जरी फरक पडला तरी त्या फटीतून गलका आत येतो. म्हणून सर दुपारच्या सुट्टीत मल्टिमीटर घेऊन बसत आणि एकेक रेझिस्टर मोजून जोड्या लावत. जमलेल्या जोड्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवत, वर चिठ्ठी डकवत. कुणी विचारलं काय करताय, तर म्हणत, लग्न जुळवून राह्यलो.

"आकडा बरोबरच पायजे असं नाही," ते सांगत. "दोघंबी सारकेच चुकले तरी चालते. एक बरोबर अन् एक चूक, हे चालत नाही."

माझ्या लग्नाला ते अकोल्याला आले होते. स्टेजवर येऊन त्यांनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं, दोन्ही व्याह्यांसमोर म्हणाले, "दोघंबी सारकेच चुकीचे हायत. जमंल यांचं," आणि अक्षता टाकून जेवायला गेले. सासरेबुवा पुढे वर्षभर मला विचारत होते, तो माणूस कोण होता? आमच्या घरात मात्र ते वाक्य टिकलं. भांडण फार लांबलं की बायको म्हणते, आता एकानं जरी बरोबर व्हायचा प्रयत्न केला तर खबरदार.

माझ्या धंद्यातही सर शिरलेले आहेत. अंजनगावला एका कार्यक्रमात माझ्या माइकमधून जनरेटरची घरघर बाहेर पडायला लागली. पाहुणे बोलायला उभे आणि लोकांना वाटतंय पिठाची गिरणी सुरू झाली. मी सरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं की माइकपासून मशीनपर्यंत आवाज किती तारांनी चाललाय. एकच होती, मी त्या दिवशी स्वस्तातली वायर नेली होती. ते म्हणाले, "दोन तारा ने. वाटेतली घरघर दोघीईवर सारकी पडन. मंग तुले माहीत हाय काय करायचं." मला माहीत होतं, पण ते माहीत आहे हे त्यांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. माझं शिक्षण असंच झालं.

सर निवृत्त झाल्यावरही मी वर्षातून तीन-चारदा अमरावतीला त्यांच्याकडे जात असे. घरी ते आणि काकू, दोघंच. मुलगी लग्न होऊन दूर. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेलो, तेव्हा सर पुढच्या खोलीत कूलरसमोर बसले होते. वऱ्हाडातला कूलर ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: खिडकीला लावलेली पत्र्याची पेटी, आत पाणी, वाळ्याच्या ओल्या जाळ्या आणि विमानाला शोभेल असा पंखा. थंडावा देतो, पण बोलणं खातो. होळीनंतर तो एकदा सुरू झाला की पाऊस नीट पडेपर्यंत बंद होत नाही. बंद केला तर माणूस भाजून निघतो.

मी आत गेलो आणि गंमत म्हणून, मुद्दाम, मोठ्यानं म्हटलं, "लय ऊन हाय सर."

सरांनी हसून मान डोलावली. "हो हो," म्हणाले. "बराबर हाय."

तीस वर्षांत मला त्या वाक्यावर होकार मिळाला नव्हता. मी म्हटलं, रस्त्यात गाडी पंक्चर झाली. त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, सर, मी तुमची स्कूटर विकून टाकली. त्यांनी समाधानानं मान डोलावली.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. डावा कान हिवाळ्यातच पूर्ण गेला, त्यांनी सांगितलं, आणि उजवा अर्धा उरलाय. थंडीत उजव्या बाजूला बसून जोरानं बोललं तर चालत होतं. कूलर लागला आणि ते संपलं. दोन कान होते तेव्हा भर बाजारातसुद्धा त्यांना माझं बोलणं वेगळं काढता यायचं, आता सगळं एकात एक मिसळून येतं म्हणतात. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं होतं. साधंच होतं. सरांनी ते तीन दिवस वापरलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, "कूलरले मोठं करून देलं त्यानं."

फ्रिजच्या दाराला चिमट्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा लटकत होता. जुन्या कॅलेंडरची पानं कापून केलेल्या. काकूंचं गोल अक्षर. 'गोळी घेतली का?' 'टाकी भरली, मोटर बंद करा.' 'गॅसवाला येऊन गेला.' 'भाजी कोणती?' महिनाभराचं सगळं बोलणं त्या चिमट्यात होतं.

"चांगलं जमून गेलं की, काकू," मी म्हटलं. काहीतरी धीराचं बोलायचं म्हणून. असलं काही बोलायची मला सवय आहे.

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "चिठ्ठीवर कामाचं लिहिता येते, बाबू," त्या म्हणाल्या. "बिनकामाचं कसं लिहू?"

मग त्या आपणहून बोलल्या. चाळीस वर्षांत आमचं बोलणं सगळं बिनकामाचंच होतं, म्हणाल्या. समोरच्या घरी कोण आलं, चहात आलं जास्त झालं का, ती चिमणी पुन्हा मीटरच्या डब्यात घर करतेय. आणि तुम्हा पोरांना वाटतं तुमचे सर उन्हाचं नाव काढू देत नाहीत. "घरी आले की चप्पल काढता काढता पयलं वाक्य तेच राहे. लय ऊन हाय वो आज. रोज. मी म्हनो, हो ना."

हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. जगासमोर ज्यांनी ऊन वजा केलं, ते घरी येऊन ते सगळं काकूंपुढे ठेवत होते.

"आता तेबी म्हनत नाहीत," काकू म्हणाल्या. "म्हनलं तर हो ना कोन म्हनीन? त्याईले वाटते मी बोलनंच सोडलं. मले वाटते त्याईनं सोडलं."

अकोल्याला परतताना बसमध्ये मी ठरवलं. माझ्याकडे माइक होते, वजाबाकी करणारी आठ पायांची चिप होती, एक हेडफोन होता. दोन छोटे माइक, हरभऱ्याएवढे, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. कूलर लांब आहे, त्याचा आवाज दोघांवर सारखा पडणार. बोलणाऱ्याचं तोंड पुढच्या माइकला टेकलेलं असेल, तर त्याचा आवाज पुढच्यात खूप आणि मागच्यात कमी. एकातून दुसरा वजा. कूलर गेला, काकू उरल्या. मग मोठं.

पुढच्या रविवारी मी ते मशीन घेऊन गेलो. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की बसमध्ये शेजारच्या माणसालाही दाखवलं. सरांच्या उजव्या कानावर हेडफोन चढवला, बटण दाबलं. सरांनी एका सेकंदात हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"गेन हाय," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

मग त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, चष्मा कपाळावर सारून आत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. जोड्या लावल्या का, हे त्यांनी विचारलंही नाही. पुडीतून जे आले ते रेझिस्टर मी ठोकून दिले होते. पन्नाशीला आलेला, दोन पोरांचा बाप, मी परत पहिल्या बाकावर होतो.

सर उठले आणि कपाटातून बाटल्यांचा डबा घेऊन आले. पण एवढ्या वर्षांत जुन्या जोड्याही सरकल्या होत्या, त्यांनी दोन मोजून पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. मग नव्यानं मोजायला बसले. मी रेझिस्टर धरायचा, त्यांनी मीटर वाचायचा. मोठ्यानं वाचत होते, बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात. कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं. काकू चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन समोर येऊन बसल्या आणि आकडे लिहू लागल्या. त्यातला एकही आकडा घराच्या कामाचा नव्हता.

मोजता मोजता दुपार गेली. रेझिस्टर झाले. मग सर म्हणाले की माइकचीही जोडी लागणार, आणि मी आणलेल्या डझनभर माइकना कूलरसमोर एकाच जागी धरून त्यांनी प्रत्येकाचा आवाज मोजला. सातवा आणि अकरावा जुळले. स्केचपेनच्या रिकाम्या नळीच्या दोन टोकांना दोघं बसवले. शेवटी उरला मी बोर्डावर ठेवलेला छोटा स्क्रू, दोन्ही बाजू अगदी बरोबरीत आणायचा. तो सरांनी मला फिरवू दिला नाही. हेडफोन लावून त्यांनी पेचकस स्वतःच्या हातात घेतला.

मी त्यांचं तोंड बघत होतो. पेचकस केसभर फिरला.

"कूलर उतरून राह्यला," सर म्हणाले. अजून केसभर. "उतरला... उतरला... चढला." मागे घेतला. श्वास धरला. मग पेचकस थांबला.

"गेला," ते हळूच म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी त्या वर्षात पहिल्यांदा ऐकलं. मी बोटानं विचारलं, पूर्ण? त्यांनी मान हलवली. "पूरा कधीच जात नाही. मुंगीएवढा हाय. राहू दे तेवढा."

आता काकूंची पाळी. काकू स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, ऐकू येतं का? सरांना काहीच आलं नाही. आलं नाही ते बरोबरच होतं, लांबचं सगळं त्या नळीला सारखंच. सरांनी हातानं जवळ बोलावलं. काकू पदराला हात पुसत आल्या, खुर्चीशेजारी बसल्या, मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हातभर लांब धरली, भाषणाच्या माइकसारखी. मी ओठांजवळ नेऊन दाखवलं. आणि सवयीनं म्हटलं, "हॅलो, चेक, म्हणा काकू." माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी भिंतीकडे सरकलो.

सर त्यांच्याकडे बघत होते, मान अजिबात डोलवत नव्हते. त्यांना भीती वाटत असावी. मला तर वाटतच होती. एवढी धडपड करून चाललं नाही, तर या दोघांनी जुलैपर्यंत काय करायचं?

मग काकूंनी नळी ओठांना लावली, डोळे खाली केले आणि काहीतरी बोलल्या. चार-पाच शब्द असतील.

सरांचा चेहरा आधी हलला नाही. मग हलला. "मंग सांगतलं काहून नाही?" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या अंगणातली बाई उठून उभी राहिलेली मला खिडकीतून दिसली.

काकूंनी नळी मांडीवर ठेवली आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. सरांनी त्यांच्या मांडीवरची नळी उचलली आणि परत त्यांच्या तोंडाशी नेली. आता ती त्यांनीच धरली. काकू पुन्हा बोलू लागल्या, या वेळी थांबेनात. सर मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होते, "कोन? ती?" म्हणत होते, एकदा "नाही वो" असं म्हणाले. मी माझा सोल्डरिंगचा पसारा पिशवीत भरला. जातो म्हणून मी सांगितलं ते दोघांपैकी कुणालाच ऐकू आलं नाही.

घरी ही गोष्ट सांगितली की बायको आणि पोरगी दर वेळी एकदमच विचारतात, काय म्हणाल्या त्या पहिल्यांदा? मी तीन हात लांब उभा होतो. दोन्ही कान शाबूत. आवाजाच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. आता काय सांगू त्यांना? कूलर चालू होता.